कॉम्प्युटरवाल्याला फोन लावण्याआधी

कॉम्प्युटर बिघडायला मुहूर्त लागत नाही, पण तो बहुधा नेमका अडचणीचा दिवस निवडतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते, अकरावीच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा असतो, हजच्या अर्जाला पासपोर्टची प्रत जोडायची असते, नाहीतर रात्री दुबईहून अब्बांचा व्हिडिओ कॉल यायचा असतो. बटण दाबले जाते आणि पडदा काळाच राहतो. मग घरात एकच धावपळ. ज्याला यातले थोडेफार कळते तो भाईजान नोकरीसाठी पुण्याला, आणि भरदुपारी घरात फक्त बायकामुले. अनोळखी माणसाला घरात बोलवायचे की नाही, याचाही विचार करावा लागतो.

शेवटी कॉम्प्युटरवाला येतो, मागची एक तार नीट दाबून बसवतो आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन जातो. त्यात त्याचे काही चुकत नाही. त्याचा वेळ गेला, गाडीचे पेट्रोल जळले, पैसे द्यायलाच हवेत. खरे नुकसान होते ते दुसऱ्या प्रकारात. तो म्हणतो, "फॉरमॅट मारावे लागेल." आपण घाईत "बरं, मारा" म्हणतो. कॉम्प्युटर नव्यासारखा सुरू होतो, पण मुलीच्या निकाहचे फोटो, दादींचा आवाज टिपलेली फाइल, मुलांचे स्कॅन केलेले दाखले, सगळे गेलेले असते.

एवढी एकच गोष्ट या महिन्यात लक्षात ठेवायची आहे. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, त्याच्या आत साठवलेले मिळत नाही. म्हणून फोन लावण्याआधीची वीस मिनिटे दोन कामांसाठी वापरा. बिघाड किरकोळ असेल तर तो घरच्या घरी काढा. मोठा असेल तर तो कुठे आहे हे ओळखा आणि आतला ऐवज सांभाळून मगच यंत्र दुसऱ्याच्या हाती द्या.

सुरुवातीचे तीन नियम

पहिला नियम: पडद्यावर काही संदेश आला असेल तर तो बंद करण्याआधी मोबाइलने त्याचा फोटो काढा. निळा पडदा येऊन कॉम्प्युटर आपोआप बंद होत असेल तर त्यावर खाली एक सांकेतिक शब्द किंवा क्रमांक असतो. दुरुस्त करणाऱ्याला त्यावरून पुष्कळ कळते.

दुसरा नियम: "बिघडण्याआधी शेवटचे काय केले होते?" हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारा, लहान मुलांनाही, पण रागावून नाही. रागावलात तर खरे उत्तर मिळणार नाही. नवा गेम टाकला, प्रिंटर जोडला, टेबल सरकवून झाडू मारला, वीज गेली आणि आली, यांपैकी एक गोष्ट बहुतेक वेळा निघतेच.

तिसरा नियम: एका वेळी एकच बदल करा. तार बदलली, सॉकेट बदलले आणि दोन बटणेही दाबली, तर कॉम्प्युटर सुरू झाला तरी कशाने झाला हे कळत नाही. गणितात उत्तर चुकले की आपण पायरी-पायरीने मागे जातो, तसेच इथेही करायचे.

आणि एक जुना उपाय आजही पहिला आहे: रीस्टार्ट. मात्र नव्या विंडोजमध्ये 'शटडाउन' आणि 'रीस्टार्ट' यांत फरक आहे. लवकर सुरू व्हावे म्हणून 'शटडाउन' करताना विंडोज आपल्या स्थितीचा काही भाग जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच परत आणते. त्यामुळे अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहू शकते. 'रीस्टार्ट' केल्यावर सारे पहिल्यापासून सुरू होते. म्हणून कॉम्प्युटर अडखळत असेल तेव्हा 'रीस्टार्ट' निवडा.

काहीच सुरू होत नसेल तर

विजेच्या वाटेने चला. भिंतीतले सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस, कॅबिनेट अशी ती वाट असते. सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते पाहा. एक्स्टेंशन बोर्डाचे बटण पाहा. मग कॅबिनेटच्या मागे जिथे जाड वायर जाते तिथे एक छोटे बटण असते. त्यावर उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. साफसफाई करताना हे बटण दाबले गेल्याने कॉम्प्युटर 'मेला' असे अनेक घरांत होते. काही जुन्या कॅबिनेटना मागे ११५ आणि २३० असे आकडे असलेले लाल सरकते बटण असते. त्याला कधीही हात लावू नका. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आहे. ते बटण ११५ वर गेले आणि वीज सुरू केली तर आतला वीजपुरवठ्याचा भाग जळतो.

यूपीएसचाही संशय घ्या. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. मग यूपीएस सतत टीं-टीं करतो, किंवा वीज जाताच कॉम्प्युटर लगेच बंद पडतो. कॅबिनेटची वायर यूपीएसमधून काढून सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. कॉम्प्युटर सुरू झाला तर तो ठीक आहे, फक्त यूपीएसची बॅटरी बदलायची.

लॅपटॉप असेल तर चार्जर, पेन ड्राइव्ह, माउस, सगळे काढा. सुरू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि सोडा. नंतर फक्त चार्जर लावून पुन्हा सुरू करा. आत अडकलेला विजेचा अंश निघून गेल्यावर पुष्कळ लॅपटॉप जागे होतात.

आणखी एक साधी गोष्ट. कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावलेला राहिला असेल तर काही मशिन त्यावरच विंडोज शोधू लागतात. ती सापडत नाही म्हणून काळ्या पडद्यावर इंग्रजीत तक्रार येते. पेन ड्राइव्ह काढा आणि पुन्हा सुरू करा.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा

इथे आधी ठरवायचे की बिघाड पडद्यात आहे की कॅबिनेटमध्ये. मॉनिटरला विजेची स्वतःची वेगळी वायर असते, ती आणि त्याचा दिवा पाहा. पडद्यावर 'नो सिग्नल' असे येत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. दोघांना जोडणारी केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा.

लॅपटॉपचा पडदा काळा असेल तर प्रकाश कमी-जास्त करण्याची की दाबून पाहा. विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की चित्र दाखवणारी यंत्रणा नव्याने सुरू होते. तरीही अंधारच असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पडद्यावर पाहा. पुसटसे चित्र दिसले तर फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला आहे, आतले सगळे शाबूत आहे.

कॅबिनेटमधून बीप-बीप आवाज येत असेल तर किती वेळा आणि लांब की आखूड, ते मोजून लिहा. ती यंत्राची भाषा आहे. अनेकदा ती रॅम नीट बसली नसल्याचे सांगते. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीच्या दमट हवेत, रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर धरू शकतो. वॉरंटी संपलेली असेल आणि घरात कुणाला स्क्रू उघडण्याची सवय असेल तर हे घरी करता येते. भिंतीतली वायर पूर्ण काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅमची पट्टी काढून सोनेरी भाग शाळेतल्या साध्या खोडरबरने हलके पुसा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत ती परत बसवा. धीर होत नसेल तर सोडून द्या. वॉरंटी चालू असेल तर कॅबिनेटवरचे सीलही तोडू नका.

सुरू होऊन दहा-वीस मिनिटांत बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय घ्या. पंखा फिरतो का ते ऐका. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की हवेची भोके बंद होतात. तो पाटावर ठेवा. भोकांतली धूळ वायर काढून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओले फडके वापरू नका.

पासवर्ड चुकतो, अक्षरे उलटीकडून येतात

ही अडचण आपल्या घरांत जरा जास्त येते, कारण आपण एकाच कीबोर्डवर इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तीन भाषा लिहितो. रोजचा पासवर्ड अचानक चुकू लागला तर आधी कॅप्स लॉक पाहा. मग भाषा पाहा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. विंडोज की आणि स्पेस एकत्र दाबले की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चित्रावर क्लिक केले तर आपण खरोखर काय टाइप करतो आहोत ते दिसते.

उर्दूची सोय केलेल्या कॉम्प्युटरवर आणखी एक गंमत होते. मराठी किंवा इंग्रजी लिहिता-लिहिता सगळा मजकूर उजव्या कडेला जाऊन बसतो. व्हायरस आला असे वाटते. प्रत्यक्षात उजवीकडची कंट्रोल आणि शिफ्ट ही बटणे चुकून एकत्र दाबली गेलेली असतात. डावीकडची कंट्रोल आणि शिफ्ट दाबा, मजकूर जागेवर येतो.

तिसरा प्रकार फाइलींचा. शाळेने किंवा जमातच्या कार्यालयाने पाठवलेली मराठी फाइल उघडली की अगम्य चिन्हे दिसतात. ती फाइल बहुधा युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली असते आणि तो फॉन्ट आपल्याकडे नसतो. इनपेजमध्ये केलेली उर्दू फाइलही इनपेजशिवाय उघडत नाही. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. पाठवणाऱ्याला "पीडीएफ करून पाठवा" एवढेच सांगा.

तारीख चुकली की इंटरनेट रुसते

कॉम्प्युटर रोज काही वर्षे मागची तारीख दाखवतो आणि बँकेची किंवा सरकारी वेबसाइट 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असे सांगून उघडत नाही, अशी तक्रार जुन्या कॉम्प्युटरची असते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटला ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र असते. कॉम्प्युटरची तारीख त्या मुदतीत बसत नसेल तर तो ते प्रमाणपत्र खोटे समजतो. तात्पुरता उपाय म्हणजे तारीख-वेळ दुरुस्त करणे. कायमचा उपाय म्हणजे कॅबिनेटच्या आतला नाण्याएवढा सेल बदलणे. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा हा सेल बहुतेक कॉम्प्युटरमध्ये 'सीआर २०३२' या नावाचा, ३ व्होल्टचा असतो, आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. एवढ्याशा सेलसाठी कुणी पूर्ण फॉरमॅट सुचवले तर हा मुद्दा त्यांच्यासमोर ठेवा.

तारीख बरोबर असूनही इंटरनेट नसेल तर तेच वायफाय मोबाइलवर चालते का ते पाहा, मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून. मोबाइलवर चालत असेल तर दोष कॉम्प्युटरमध्ये आहे. मोबाइलवरही नसेल तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू करा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच खंडित झाला आहे. अशा वेळी कॉम्प्युटरवाला काही करू शकत नाही, इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवा. आणि बाकी सगळे चालते, फक्त अर्जाची एकच वेबसाइट उघडत नसेल, तर शेवटच्या दिवशीची गर्दी तिकडे आहे. पहाटे पुन्हा प्रयत्न करा.

फार हळू चालतो

हळू चालणे हा रोग नाही, ते लक्षण आहे. कारणे शोधू. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'स्टोरेज' उघडून सी ड्राइव्हमध्ये किती जागा उरली ते पाहा. तो काठोकाठ भरला असेल तर विंडोजला श्वास घ्यायला जागा राहत नाही. 'डाउनलोड्स'मध्ये साठलेले जुने व्हिडिओ दुसरीकडे हलवा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'स्टार्टअप' भागात कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामची यादी असते. ओळखीचे आणि नको असलेले 'डिसेबल' करा. अनोळखी नावांना हात लावू नका. दोन अँटिव्हायरस टाकले असतील तर एक काढा. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस असतोच.

मशिन जुने असेल आणि त्यात फिरणाऱ्या चकतीची हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो दहा वेळा फॉरमॅट करून पडत नाही. खर्च करायचाच असेल तर तिथे करा. मात्र विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुमच्या मशिनवर विंडोज ११ चालू शकते का, हे खर्चाआधी विचारून घ्या.

प्रिंटर अडला असेल तर कागद आणि केबल पाहून, अडकून पडलेली छपाईची यादी रद्द करा आणि प्रिंटर व कॉम्प्युटर दोन्ही पुन्हा सुरू करा. शाईचा प्रिंटर महिनोन्‌महिने पडून राहिला की शाई सुकते. आठवड्याला एक रंगीत पान काढत जा.

इथे हात आखडता घ्या

जळका वास किंवा धूर आला तर आधी मुख्य बटण बंद करा, मग वायर काढा. वीजपुरवठ्याची पेटी घरी कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात विजेचा साठा राहतो. लॅपटॉपवर चहा-पाणी सांडले तर लगेच बंद करा, चार्जर काढा, उपडा ठेवा आणि 'चालतो का पाहू' म्हणून सुरू करू नका. लॅपटॉपची बॅटरी फुगून खालचे झाकण उचलले गेले असेल तर वापर थांबवा. तिला दाबू किंवा टोचू नका, ती पेट घेऊ शकते.

आणि हार्ड डिस्कमधून कट-कट असा आवाज येऊ लागला तर कॉम्प्युटर बंद करून तसाच ठेवा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिल्याने आतली माहिती उरलीसुरली असेल तीही जाते. हे काम माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराचे आहे.

पडद्यावर आलेला फोन नंबर

कधी पूर्ण पडदा लाल-निळा होतो, भोंगा वाजतो आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असे दिसते. हा बिघाड नाही, हा सापळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन नंबर कधीही नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. नाहीच झाले तर सुरू करायचे बटण दाबून धरा आणि कॉम्प्युटर बंद करा.

फोन केलात तर पलीकडचा माणूस गोड बोलून एखादे अॅप टाकायला सांगतो आणि एक क्रमांक विचारतो. तो क्रमांक दिला की तुमचा कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो. एनीडेस्क या अॅपचा असा गैरवापर होत असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते. अॅप वाईट नाही. दुबईला बसलेला भाऊ त्यातूनच आपला कॉम्प्युटर दुरुस्त करू शकतो. प्रश्न क्रमांक कुणाला देतो याचा आहे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता फोन लावा, पण असा

इतके करूनही जमले नाही तर कॉम्प्युटरवाल्याला जरूर बोलवा. आता तुम्ही "चालत नाही" एवढेच सांगणार नाही. "दिवा लागतो, पंखा फिरतो, तीन बीप येतात, मॉनिटरची केबल तपासली, काल वीज गेल्यापासून असे आहे," असे सांगाल. त्याला बरोबर सामान घेऊन येता येईल आणि एका फेरीत काम होईल. तार बसवण्याएवढेच काम निघाले तरी ठरलेले पैसे हसतमुखाने द्या. चांगला कारागीर जपावा लागतो.

पहिले वाक्य मात्र हे असू द्या: "आतली माहिती ठेवून दुरुस्त करा. फॉरमॅट करायची वेळ आली तर आधी विचारा." डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेले सारे सहसा सी ड्राइव्हमध्येच असते, आणि फॉरमॅट तोच होतो. 'फाइल डेस्कटॉपवर समोर दिसते म्हणजे सुरक्षित आहे' हा समज अनेकांचा असतो, तो काढून टाका. विंडोज सुरू होत नसले तरी हार्ड डिस्क चांगली असेल तर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फाइली काढता येतात. नव्या लॅपटॉपमध्ये माहिती कुलूपबंद असू शकते. त्याची ४८ अंकी किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच शोधून वहीत उतरवा.

मशिन दुकानात द्यायचे असेल तर शक्य असल्यास घरातले फोटो-व्हिडिओ आधी बाहेरच्या डिस्कवर घेऊन मशिनमधून काढा. ब्राउझरमधून ईमेल आणि बँकेतून बाहेर पडा. विंडोजचा पासवर्ड द्यावा लागला तर परत आल्यावर बदला. ईमेलचा पासवर्ड कुणालाही लागत नाही. आपल्या लेकी-सुनांचे फोटो परक्याच्या पेन ड्राइव्हवर जाऊ नयेत ही काळजी म्हणजे संशयखोरपणा नव्हे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधली माहिती कॉपी करणे हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार गुन्हा ठरू शकतो. पावतीवर मॉडेल, अनुक्रमांक, रॅम आणि हार्ड डिस्क किती जीबीची, हे लिहून घ्या. भाग बदलला तर जुना भाग परत मागा. सचोटीने काम करणाऱ्याला यातले काहीच खटकत नाही.

एक सवय, एक कागद

हे सगळे वाचून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. महिन्यातला एक रविवार ठरवा आणि त्या दिवशी फोटो, दाखले, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. उतरवून झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर वीज किंवा व्हायरस दोन्हीला एकदमच नेईल. अगदी महत्त्वाचे कागद गूगल ड्राइव्हवरही ठेवता येतात, तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढा, राउटरचीही.

हे काम फक्त मुलावर सोपवू नका. मुलगा शिकायला बाहेर जातो, नोकरीला आखातात जातो, आणि त्याच्याबरोबर घराची सगळी माहितीही जाते. अम्मीला आणि मुलीला हे यायलाच हवे. पुढच्या रविवारी सगळ्यांनी एकदा कॅबिनेटच्या मागे वाकून कोणती वायर कुठे जाते ते पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. एका कागदावर मॉडेलचे नाव, खरेदीची तारीख, वॉरंटीची मुदत, इंटरनेट कंपनीचा तक्रार क्रमांक आणि १९३० लिहा. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका.

इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात मोबाइलमध्ये साठलेले फोटो कसे लावून ठेवायचे ते पाहू.